मनगटावरील घड्याळ आणि हृदयाची चुकलेली लय



पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुले हल्ली गावाकडील आई-वडिलांच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधतात. एखाद्या दिवशी त्यावर ठोके अनियमित असल्याची सूचना झळकते आणि सारे घर धास्तावते. अशी घड्याळे ज्येष्ठ रुग्णांना भेट द्यावीत, अशी इच्छा काही देणगीदारांनीही व्यक्त केली आहे. म्हणून या घड्याळाला काय कळते, काय कळत नाही आणि सूचनेनंतर काय करावे, याचा विचार येथे मांडत आहोत. आम्ही वैद्य नव्हे, रुग्णालयाची व्यवस्था आणि जमाखर्च पाहणारे आहोत. तेव्हा प्रत्येकाने आपल्या प्रकृतीचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

लय चुकते म्हणजे काय?

हृदयाचे वरचे दोन कप्पे एका लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरत राहिले, तर त्या विकाराला 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. नाडी कधी जलद, कधी संथ लागते आणि दोन ठोक्यांतील अंतराला मेळ राहत नाही. काहींना धडधड, धाप किंवा थकवा जाणवतो, तर अनेकांना काहीच जाणवत नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात या विकारामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट आढळला. लहानपणीच्या रुमॅटिक तापाने झडप खराब झालेल्यांत तो सुमारे सतरापट होता.

पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब हे असले, तरी या विकाराकडे दुर्लक्ष परवडणारे नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने 86 गावांत केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील मृत्यूंच्या कारणांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर, म्हणजे सुमारे 14 टक्के होता. हा आजार केवळ शहरी नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

घड्याळाला काय कळते?

घड्याळाच्या पाठीमागील हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. रक्त तो प्रकाश शोषते आणि प्रत्येक ठोक्यागणिक शोषणाचे प्रमाण बदलते. त्यावरून घड्याळ ठोक्यांमधील अंतर मोजते. काही घड्याळांवर बोट ठेवले असता अर्ध्या मिनिटाचा ईसीजीही निघतो. परंतु तो हृदयाकडे एकाच दिशेने पाहतो, रुग्णालयातील ईसीजी बारा दिशांनी पाहतो. हृदयविकाराचा झटका ओळखणे हे या घड्याळाचे काम नव्हे. छातीत दुखत असता 'घड्याळ तर ठीक म्हणते' असे समजून घरी थांबणे जिवावर बेतू शकते.

ॲपलच्या घड्याळावर अमेरिकेत झालेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील 4,19,297 जणांपैकी केवळ 2,161 जणांना अनियमित नाडीची सूचना आली. सूचना आलेल्यांपैकी 450 जणांच्या छातीवर लावलेल्या ईसीजी पट्टीची नोंद तपासता आली आणि त्यांतील 34 टक्के लोकांत हा विकार दिसला. तो अधूनमधून येत-जात असल्याने पट्टी लावली असता तो प्रत्येक वेळी सापडत नाही. तात्पर्य, सूचना म्हणजे निदान नव्हे आणि सूचना न येणे म्हणजे निर्धोकपणाचा दाखलाही नव्हे.

सापडले, पुढे काय?

डेन्मार्कमध्ये सत्तरी ओलांडलेल्या सुमारे 6,000 जणांवर झालेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेखाली सतत नोंद घेणारे यंत्र बसवलेल्यांत हा विकार सुमारे 32 टक्के जणांत आढळला, इतरांत 12 टक्के. तरीही पक्षाघातांत खात्रीलायक घट झाली नाही. शोध घेणे आणि संकट टळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्यांना औषधाची खरोखर गरज आहे, त्यांना मात्र मोठा लाभ होतो. रक्त साकळू न देणाऱ्या वॉरफरिन या जुन्या औषधाने पक्षाघाताचा धोका सुमारे दोन तृतीयांश घटतो. परंतु त्यासाठी रक्ताची आयएनआर तपासणी नियमित करावी लागते, डोस बदलावा लागतो आणि पालेभाज्यांचे प्रमाण एकदम कमी-अधिक करून चालत नाही. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही. तथापि रुमॅटिक झडपविकाराच्या रुग्णांवरील 2022 च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जुन्या औषधाच्या गटातच मृत्यू कमी झाले. म्हणजे ज्यांना धोका सर्वाधिक, त्यांची तपासणीपासून सुटका नाही. आणि आपल्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. फडावर आयएनआर कोण तपासणार? खरी अडचण येथे आहे.

जामखेडची शिकवण

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये याच जामखेडमध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील, बहुधा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कार्याची दखल घेतली गेली आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. उपकरण असो वा नसो, रोग्याच्या दारी पुन्हा पुन्हा जाणारे माणूस हवे, ही त्या कार्याची शिकवण होय.

नाडी पाहण्यास घड्याळ लागतेच असे नाही. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. त्यांच्यात मेळ नसेल, तर ईसीजी काढून घ्यावा. पासष्टीपुढील प्रत्येकाची नाडी अशी पाहिली जावी. घड्याळावर सूचना आल्यास घाबरू नये, परंतु ती नोंद पुसूनही टाकू नये. ती डॉक्टरांना दाखवावी. औषध स्वतःहून सुरू करू नये, बंदही करू नये. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा हातापायातील शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसल्यास एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

देणगीदारांस विनंती

हिशोबाच्या भाषेत सांगायचे, तर घड्याळ हा एकदाच होणारा भांडवली खर्च आहे. ईसीजी, आयएनआर, गोळ्या आणि गावोगावची फेरी हा दरमहाचा आवर्ती खर्च आहे. पहिल्या खर्चास दाते सहज मिळतात, दुसऱ्यास क्वचित. परंतु पक्षाघात टळतो तो दुसऱ्यामुळे. ज्यांनी आई-वडिलांना घड्याळ दिले आहे, त्यांनी ते अवश्य वापरू द्यावे. मात्र आमच्या संस्थेस साहाय्य करू इच्छिणाऱ्यांनी एका घड्याळाऐवजी एका रुग्णाच्या वर्षभराच्या तपासणीचा आणि औषधांचा भार उचलावा, अशी नम्र विनंती आहे. ऊसतोडीवरून परतलेल्या रुग्णाचे औषध मधल्या महिन्यांतही खंडित झाले नाही, तर आपली देणगी सत्कारणी लागली असे आम्ही समजू.