हातातील यंत्र, काटकसर व परोपकार

आमच्या बालपणी दळण गिरणीत धाडण्यापूर्वी आमची आजी सर्वांआधी एक मूठ बाजरी काढून चुलीशेजारच्या लहान मडक्यात टाकीत असे. घरात धान्य पुष्कळ असो वा अगदी थोडे असो, ही मूठ कधी चुकली नाही. आठवड्याअखेरीस ते मडके गावातील एखाद्या निराधार घरी रिकामे होई. दळण झाल्यावर उरेल त्यातून देऊ, असे ती का म्हणत नाही, असे आम्ही एकदा विचारले. तेव्हा ती हसून म्हणाली, "उरतं कधी रे बाबा?"

आजीचे हे वाक्य आम्हांस यंदा वर्गात वारंवार आठवले. त्यास जे कारण घडले, ते विद्यार्थ्यांनी व विशेषतः पालकांनी जाणणे अगत्याचे आहे, म्हणून हा लेख लिहिण्याचे योजिले.

पैसे देण्याघेण्याची यू.पी.आय. नावाची पद्धती २०१६ च्या एप्रिलात आपल्या देशात सुरू झाली. आज पाथर्डीच्या बाजारात भाजीच्या पाटीवरही तो काळापांढरा चौकोन चिकटविलेला आढळतो व लोक त्यास 'स्कॅनर' म्हणतात. आमच्या तालुक्यास ह्या सोयीचे महत्त्व इतरांहून अधिक आहे. दसरा उलटला की येथील शेकडो कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात आणि मुले पुष्कळदा आजीआजोबांजवळ राहतात. पूर्वी फडावरून घरी पैसे धाडावयाचे, तर गावाकडे येणाऱ्या एखाद्या सोबत्याच्या हाती द्यावे लागत किंवा मनीऑर्डर करावी लागे. मनीऑर्डरीस शंभर रुपयांमागे पाच रुपये हशील पडे. म्हणजे हजार रुपये घरी पोहोचविण्यास पन्नास रुपये वाटेतच खर्च होत. आता फडावरील कोपीत बसून बाप फोनवर चार आकडे दाबतो, आणि एक पैसाही हशील न देता रक्कम त्याच क्षणी घरी पोहोचते. ही बचत लहान नव्हे. परंतु पैसे घरी पोहोचतात ते कोणाच्या हाती? आजीस वाचता येत नाही. फोन चालवितो तो नववीतला नातू. घराची पेढी त्या पोराच्या खिशात असते आणि तिची किल्ली, म्हणजे पिन, त्याच्या तोंडी असते.

गेल्या हंगामात आमच्या एका विद्यार्थ्याच्या बापाने आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या व किराणा यांकरिता पंधराशे रुपये धाडले. आठवड्याने आजी औषधाच्या दुकानी गेली. नातू बरोबर होताच. पैसे पुरेनात. अर्ध्याच गोळ्या घेऊन दोघे परतली. आजी शेजारणीस म्हणाली, "त्या फोनात पैसं र्‍हात न्हाईत, गळत्यात कुठंतरी." दुसऱ्या दिवशी तो मुलगा मधल्या सुटीत आमच्याकडे आला आणि रडत रडत म्हणाला, "सर, मीच घालवले." एका खेळातील नाणी व खेळगड्याचे पोशाख यांवर त्याने तीन दिवसांत ६४० रुपये खर्चिले होते, वीस, चाळीस, दहा असे तुकड्यातुकड्याने. त्यास एकही मोठी रक्कम आठवेना, कारण मोठी रक्कम अशी ती कधी गेलीच नव्हती. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांस बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टात केला, हे खरे; परंतु नाणी व पोशाख विकणारे खेळ हे निराळे प्रकरण आहे, आणि तेथे घरच्यांवाचून पहारेकरी नाही.

आम्ही प्रथम रागावलो, हे कबूल करतो. मग त्याचे नाव न घेता, त्याच्याच अनुमतीने, वर्गात फळ्यावर एक गणित घातले. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारान्वये ऊसतोडीची मजुरी ३४ टक्क्यांनी वाढून टनास सुमारे ३६६ रुपये झाली. तर ६४० रुपये मिळविण्यास किती ऊस तोडावा लागेल? उत्तर आले, पाऊणेदोन टन. ज्या वर्गातील निम्म्या मुलांनी कधी ना कधी फडावर मोळ्या वाहिल्या आहेत, त्या वर्गास पाऊणेदोन टन म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही. कोणी बोलेना. त्या मुलाने त्याच रात्री आपण होऊन बापास फोन केला. बाप काही बोलला नाही. मात्र पुढील आठवड्यात मुकादमाकडून मिळालेल्या खर्चीतून त्याने तीनशे रुपये आजीच्या गोळ्यांसाठी धाडले. म्हणजे तितके फडावर पोटास कमी पडले.

ह्यानंतर आम्ही मुलांस एक अभ्यास दिला. ज्या ज्या घरी असा फोन आहे, तेथे वडीलधाऱ्यांसमक्ष मागील एका महिन्याच्या देण्याघेण्याची यादी उघडावयाची आणि वहीत तीन रकाने करून ती उतरावयाची: गरजेचे, सोयीचे व उगाच. ही यादी प्रत्येक फोनात आपोआप लिहिली जाते, हा ह्या यंत्राचा फार मोठा गुण आहे. रोख पैसा कोठे गेला हे आठवावे लागते. फोनातून गेलेला पैसा कोठे गेला हे वाचता येते. परंतु वाचतो कोण? आम्ही स्वतःही कधी वाचली नव्हती. मुलांस सांगितल्यावर लाजेकाजेस्तव आमची उघडली, तो त्यात दरमहा १४९ रुपये अकरा महिने एकाच जागी जात असल्याचे आढळले. कधी काळी चित्रपट पाहण्याकरिता घेतलेली ती वर्गणी होती व तीस 'ऑटोपे'ची संमती आम्हीच देऊन विसरलो होतो. १,६३९ रुपये! ही संमती फोनातल्या फोनातच रद्द करता येते. त्यास दोन मिनिटेही लागली नाहीत. मुलांनी ही हकीगत ऐकून जो आनंद व्यक्त केला, तो आम्ही शिक्षकाच्या धर्मास अनुसरून सहन केला.

आता बचतीकडे वळू. आजीच्या मुठीचा नियम येथे जशाचा तसा लागू पडतो: पैसा आला त्याच दिवशी, खर्चास हात घालण्यापूर्वी, बचतीचा भाग बाजूस काढावा; आणि ज्या खात्याचा स्कॅनर बाजारात चालतो, त्या खात्यात तो मुळीच ठेवू नये. टपाल कचेरीतील पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून घेता येते व टपाल पेमेंट्स बँकेचे खाते असल्यास तिचा हप्ता फोनवरूनही भरता येतो. साठ महिन्यांत आपण ६,००० रुपये भरतो. २०२४ साली चालू असलेल्या ६.७ टक्के दराने त्याचे सुमारे ७,१३६ होतात. दहा वर्षे पुरी झालेल्या मुलास टपाल कचेरीत स्वतःच्या नावाने बचत खाते उघडून ते स्वतः चालविता येते, हेही कित्येक पालकांस ठाऊक नसते.

पिनसंबंधीही एक उपाय सांगण्याजोगा आहे. २०२४ पासून 'यू.पी.आय. सर्कल' नावाची सोय झाली आहे. तीत बापाच्या खात्यातून मुलाने पैसे द्यावयाचे असता, प्रत्येक वेळी बापाच्या फोनावर विचारणा जाते व त्याने आपला पिन दाबल्यावरच रक्कम निघते. फडावर नेहमीच संपर्क मिळतो असे नाही, त्यामुळे कधी दुकानात खोळंबा होतो. तरी वरील मुलाच्या घरी हीच व्यवस्था आता चालू आहे, आणि ती त्या मुलानेच मागून घेतली. ज्यांच्याजवळ साधाच फोन आहे, त्यांच्याकरिताही २०२२ पासून निराळी व्यवस्था आहे. आणि ज्या आजीस फोनच नको, तिला आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठा लावून घरबसल्या पैसे देणारा पोस्टमन आहे.

इतर बचती थोडक्यात सांगतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो; त्याकरिता मजुरीचा दिवस मोडून तालुक्यास येण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. 'जन औषधी सुगम' ह्या ॲपवर औषधाच्या मूळ घटकाचे नाव घालून स्वस्त औषध जवळ कोठे मिळेल हे पाहता येते. मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून गोळी बदलू नये. 'कॅशबॅक'च्या नादाने नको ती वस्तू घेणे ही बचत नव्हे, हे निराळे सांगावयास नको. रिचार्ज करताना काही ॲप वर रुपया दोन रुपये लावून घेतात. पिन दाबण्यापूर्वी एकूण आकडा वाचावा.

दानधर्माचा विषय याहून नाजूक आहे. थोड्या थोड्या पैशाने मोठे काम उभारण्याची कल्पना महाराष्ट्रास नवीन नाही. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावा अशी विनंती करीत पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठिंबा दिला, आणि त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. पैसा मागणारा दारी येई, लोक त्याचे तोंड पाहत, पावती घेत. आमच्या खेड्यांतही सप्ताहाची वर्गणी गोळा झाली म्हणजे शेवटच्या दिवशी जमाखर्च सर्वांसमक्ष वाचून दाखविण्याची चाल आहे. फोनाने देणे सोपे केले. परंतु मागणाऱ्याचे तोंड मात्र दृष्टीआड केले.

त्याचा अनुभव आम्हांस आला आहे. एका आजारी बालकाचे छायाचित्र व खाली स्कॅनर असा एक संदेश तीन ओळखीच्या माणसांकडून एकाच दिवशी आला. आमचे मन द्रवले आणि आम्ही पाचशे रुपये धाडले. पुढे चौकशी करता ते छायाचित्र फार जुने व भलतीकडचे निघाले. ज्या तिघांनी तो संदेश पाठविला, त्यांपैकी एकासही ते बालक ठाऊक नव्हते; प्रत्येकास वाटले, दुसऱ्यास ठाऊक असेल. २०२० च्या मार्चात करोनाकाळी पंतप्रधानांच्या मदतनिधीच्या पत्त्यासारखाच दिसणारा एक खोटा यू.पी.आय. पत्ता निघाला होता. दोहोंत अवघ्या एका अक्षराचा फरक होता. शुद्धलेखन तपासून आम्ही आयुष्य घालविले, तरी आमच्याही नजरेतून तो सुटला असता.

म्हणून आता आम्ही असे करतो. पैसे पाठविण्यापूर्वी घेणाराचे नाव पडद्यावर येते, ते मोठ्याने वाचतो. संस्थेकरिता देणे असून नाव खाजगी इसमाचे आले, तर तेथेच थांबतो. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय, नीती आयोगाच्या 'दर्पण' संकेतस्थळावर तिची माहिती मिळते काय, हे पाहतो. पावती मागतो. आणि होईल तितके जवळचे काम निवडतो, जेथे जाऊन डोळ्यांनी पाहता येईल. उदाहरणार्थ, नगरात १९८९ पासून काम करणारी स्नेहालय ही संस्था आपल्यापासून एस.टी.च्या टप्प्यात आहे. पैसे घेण्यास पिन कधीच लागत नाही. 'पैसे मिळतील, पिन दाबा' असे जो म्हणेल तो चोर समजावा. तरीही फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. आम्ही लाजलो, चार दिवस दवडले, आणि पाचशे रुपये गेले ते गेलेच.

वर्गातील मुलांनी ह्या सर्वांतून एक लहानसा उद्योग काढला. हंगामात आईबापांबरोबर गेलेल्या काही मुलांस परीक्षेकरिता परत येण्यास भाडे नसते, व तेवढ्यावरून वर्ष बुडते. त्यांच्याकरिता ३८ विद्यार्थ्यांनी आठवड्यास पाच रुपयांपर्यंत जे जमेल ते द्यावयाचे ठरविले. सोमवारी, सुटीतल्या खाऊस पैसे लागण्यापूर्वी. ज्यांच्या घरी फोन नाही, त्यांनी नाणी आणली. पैसे कोणा एकाच्या खाजगी नंबरावर न घेता दोन शिक्षकांच्या संयुक्त खात्यात घेतले. दर शुक्रवारी जमाखर्च भिंतीवर लागे. त्यात रक्कम असे, देणाराचे नाव नसे. नावे लावावी असा काहींचा आग्रह होता. आम्ही तो मानला नाही, कारण ज्याच्या घरी पाच रुपयेही नाहीत तो मुलगाही ती भिंत रोज पाहतो.

अठरा आठवड्यांत २,८४५ रुपये जमले. चार मुलांच्या येण्याचे भाडे १,८७० रुपये त्यांच्या वडिलांच्या फोनांवर फडावर धाडले. त्यांपैकी दोघी मुली होत्या, त्यांना २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट असल्यामुळे खर्च बेताचा आला. वह्या व पेने यांस ५६० रुपये लागले. चारही मुले परीक्षेस बसली. शिल्लक ४१५ रुपये येत्या वर्षाच्या नववीकडे सोपविली असून, हिशेबाची वही मुख्याध्यापकांच्या कचेरीतील कपाटात आहे. पालकांस ती शाळेच्या वेळात केव्हाही पाहता येईल.