अळंब्यांचें विष व उलटीची वेळ

पाऊस चांगला पडून गेल्यावर दोन दिवस उकाडा झाला, कीं बाभुळगाव तालुक्यांतील धुऱ्यांवर, वारुळांपाशीं व बेंबळेच्या कांठच्या गवतांत अळंबीं डोकें वर काढितात. निंदणास गेलेल्या बाया तीं ओटींत भरून घरीं आणितात. विदर्भांत त्यांस कोणी सात्या म्हणतात, कोणी टेकोडे. आणि जीं खाऊं नयेत असें वाटतें त्यांस कुत्र्याच्या छत्र्या म्हणून पायानें उडवून देतात. हा भेद पुष्कळदां बरोबर ठरतो, हें कबूल केलें पाहिजे. ज्या वृद्ध स्त्रीनें चाळीस पावसाळे त्याच वारुळावरच्या सात्या खुडल्या, तिची नजर पुस्तकांतील चित्रापेक्षां चांगली. परंतु ती नजर सुनेला किंवा नातवंडांना आपोआप मिळत नाहीं, आणि अनोळखी रानांत ती खुद्द तिलाही फसविते. २०२२ च्या एप्रिल महिन्यांत आसामांत, मुख्यतः चहामळ्यांतील कष्टकरी कुटुंबांत, रानचीं अळंबीं खाऊन थोड्याच दिवसांत १३ माणसें दगावलीं. अळंबीं वेंचणें त्या लोकांना नवें नव्हतें.

वाळवी ही वारुळाच्या पोटांत एका बुरशीची शेतीच करिते, व सात्या हें त्या शेतींतील फळ होय. म्हणून सात्यांचा देठ जमिनींत मुळासारखा निमुळता होत खोल वारुळापर्यंत गेलेला असतो. याउलट जीं अत्यंत घातक अळंबीं, त्यांचे छत्राखालचे पडदे बहुधा पांढरे असतात, देठावर झालरीसारखें कडें असतें, आणि देठाच्या बुडाशीं, मातीच्या आंत, फाटक्या पिशवीसारखें वेष्टण असतें. कोंवळेपणीं तीं या वेष्टणांत गुरफटलेलीं, अगदीं अंड्यासारखीं दिसतात. आतां पाहा, आपण अळंबें वरच्यावर मोडून घेतों. म्हणजे जी खूण जीव वांचविणार तीच मातींत ठेवून येतों. विळ्यानें सभोंवतालची माती उकरून तें बुडासकट काढावें. शिवाय कडें पावसानें गळून जातें, पिशवी कुजून जाते. तेव्हां खूण दिसली नाहीं एवढ्यावरून अळंबें निर्दोष ठरत नाहीं.

गवताळ जागीं उगवणारें आणखी एक मोठें, पांढरें, वर तपकिरी खपल्या असलेलें अळंबें आहे. त्याचे पडदे आधीं पांढरे असून पुढें हिरवट होतात. त्याचें छत्र पांढऱ्या कागदावर पालथें घालून रात्रभर वाटीखालीं झांकून ठेविलें, तर सकाळीं कागदावर हिरवट भुकटी पडलेली दिसते. तें खाल्ल्यास एकदोन तासांतच जोराच्या उलट्या व ढाळ होतात. परंतु भुकटी पांढरी पडली तर काय? प्राणघातक अळंब्यांची भुकटीही पांढरीच असते. या परीक्षेनें दोषी ठरवितां येतें, निर्दोष ठरवितां येत नाहीं.

घरगुती परीक्षांची तर गोष्टच सोडा. भाजींत चांदीचें नाणें टाकावें, लसूण किंवा तांदूळ काळे पडतात का पाहावें, किड्यांनीं खाल्लेलें अळंबें चांगलें समजावें, हें सर्व व्यर्थ आहे. किडे व गोगलगाई विषारी अळंबीं खुशाल खातात. उकळणें, वाळविणें, मीठ लावणें यांनीं अतिघातक विष नाहींसें होत नाहीं. आणि एका मोठ्या अळंब्यांत प्रौढ माणसाचा प्राण घेण्याइतकें विष असूं शकतें.

परंतु जी गोष्ट प्रत्येक घरांत ठाऊक असावी, ती अळंब्याच्या रंगाची नसून घड्याळाची आहे. जेवणानंतर थोड्याच वेळांत उलटी झाली तर घरचीं माणसें घाबरतात; दुसऱ्या दिवशीं झाली तर ‘काहीं तरी बाधलें’ म्हणून गप्प बसतात. वास्तविक भय उलट आहे. सहा तासांनंतर, किंवा बारा वा चोवीस तासांनीं सुरू झालेली उलटी ही यकृताचा नाश करणाऱ्या विषाची खूण असूं शकते. तें विष यकृताच्या पेशींना नवीं द्रव्यें तयार करूं देत नाहीं. कणगींत धान्य आहे तोंवर घर चालतें, पेरणी बंद झाल्याचें कळत नाहीं. तसेंच येथें होतें. याहून वाईट हें, कीं दुसऱ्यातिसऱ्या दिवशीं उलटी व ढाळ थांबतात, रोगी उठून बसतो, भाकर मागतो. घरचे म्हणतात, उतार पडला. त्याच वेळीं यकृत आंतून निकामी होत असतें. पुढें कावीळ, रक्तस्राव व बेशुद्धी. आणि दोन जातींचीं अळंबीं एकाच भाजींत गेलीं असल्यास लवकर झालेल्या उलटीनेंही निर्धास्त होतां येत नाहीं.

कांहीं अळंब्यांनीं तास-दोन तासांच्या आंत दरदरून घाम, लाळ, डोळ्यांस पाणी, बाहुल्या बारीक व नाडी मंद, अशी अवस्था होते. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें अनेक शेतकरी व मजूर दगावले, हें कोणी विसरलेलें नाहीं. कित्येक कीटकनाशकांचीं लक्षणें अशींच असतात. ॲट्रोपीन हें औषध दोहोंवरही देतात, तरी पुढील उपचार निराळे आहेत. यास्तव रोगी त्या दिवशीं फवारणीस गेला होता कीं नाहीं, आणि त्यानें काय खाल्लें, हीं दोन्ही डॉक्टरांस सांगावीं. फवारलेल्या शेताच्या धुऱ्यावरचें अळंबें चांगल्या जातीचें असलें तरी आणूं नये, हें ओघानेंच आलें.

शंका येतांच, एकानें जरी उलटी केली तरी, त्या भाजीचा घांस घेतलेल्या सर्वांना दवाखान्यांत न्यावें. ठणठणीत दिसणाऱ्या मुलालाही. मिठाचें पाणी पाजून ओकविणें, ताक-तूप पाजणें, भगताकडे बसून राहणें यांत मोलाचा वेळ जातो. शुद्धीवर असल्यास जीवनक्षाराचें पाणी घोट घोट द्यावें. गुंगी असल्यास तोंडानें कांहींच नको, एका कुशीवर निजवावें. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. बाभुळगावच्या ग्रामीण रुग्णालयांतून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत पाठविलें, तर ‘आतां बरा आहे’ म्हणून घरीं परतूं नये. हें विष पित्तावाटे पुनःपुन्हां आंतड्यांत येतें, म्हणून औषधी कोळसा वारंवार देतात, शिरेंतून पाणी भरतात, आणि यकृताचे व रक्त गोठण्याचे तपास कांहीं दिवस रोज करितात. या विषावर हमखास उतारा नाहीं. कांहीं औषधें यकृतास आधार देतात, व शेवटीं यकृतरोपणाचा प्रश्न येतो.

उरलेलीं अळंबीं, कच्चीं असोत वा शिजलेलीं, फेकूं नयेत. कच्चीं कागदांत गुंडाळावीं, कारण प्लास्टिकच्या पिशवींत तीं लवकर सडतात. बरोबर एक चिठ्ठी न्यावी. तींत लिहावें: कोठून आणिलीं, किती वाजतां खाल्लीं, कोणकोण जेवलें, आणि पहिली उलटी किती वाजतां झाली.