अळिंबीच्या थंड खोलीतील पंख्यांची वायरिंग व नियंत्रण



मुंबई उपनगरात शेतजमीन फारशी उरली नाही. तरीही अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील अनेक तरुण गाळ्यात किंवा रिकाम्या खोलीत अळिंबी घेता येईल का, अशी चौकशी करतात. धिंगरी अळिंबी २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानात येते, त्यामुळे ती येथे बरेच महिने साध्या खोलीतही घेता येते. बटन अळिंबीचे तसे नाही. तिला बुरशीच्या वाढीसाठी २२ ते २५ अंश आणि फळधारणेसाठी १४ ते १८ अंश तापमान लागते. सांताक्रूझ वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती. अशा हवामानात यांत्रिक थंडाव्याशिवाय बटन अळिंबी घेता येत नाही.

एकापेक्षा अधिक खोल्या असतील तर थंड पाण्याची पद्धत सोयीची पडते. चिलर पाणी थंड करतो, पंप ते पाणी नळांतून प्रत्येक खोलीत नेतो आणि खोलीतील फॅन कॉइल युनिटमध्ये पंखा त्या थंड वेटोळ्यावरून हवा फिरवतो. यंत्रे घेताना उत्पादक दहा ठिकाणी भाव विचारतो, पण वायरिंग कशी करावी हे मात्र वायरमनवर सोपवून मोकळा होतो. येथेच चूक होते.

एका खोलीचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात मुलुंडच्या एका गाळ्यातील पीक पाहण्याचा योग आला. दुसऱ्या बहरातील अळिंबीचे देठ लांब, टोप्या लहान आणि टोप्यांवर तपकिरी चिकट डाग होते. उत्पादकाला स्पॉन खराब असल्याची शंका होती. पण त्याच स्पॉनचा पहिला बहर उन्हाळ्यात उत्तम आला होता. खोलीत थोडा वेळ उभे राहिल्यावर कारण कळले. पंखा बंद होता. थर्मोस्टॅटची तार थेट पंख्याला जोडलेली होती. उन्हाळ्यात खोली सारखी तापत असल्याने पंखा जवळजवळ अखंड चालत होता. पावसाळी रात्री मात्र खोली लवकर थंड होई, थर्मोस्टॅट पंखा बंद करी आणि हवा तासन् तास स्थिर राही.

अळिंबी श्वसन करते व कार्बन डायऑक्साइड सोडते. हवा हलली नाही तर हा वायू बेडवर साचतो व देठ लांबतात. फळधारणेच्या काळात त्याचे प्रमाण १००० पीपीएमपेक्षा कमी असावे. टोप्यांवरचे पाणीही सुकत नाही आणि जिवाणूजन्य डागांना आमंत्रण मिळते. तेव्हा दोष स्पॉनचा नव्हता, एका तारेच्या जागेचा होता.

पंखा वेगळा, व्हॉल्व्ह वेगळा

घरातील किंवा कार्यालयातील युनिटमध्ये थर्मोस्टॅटने पंखा बंद केला तरी चालते. अळिंबीच्या खोलीत पुढील पद्धत ठेवावी :

१) पंखा कमी वेगावर अखंड चालू ठेवावा. त्याचा स्विच थर्मोस्टॅटपासून स्वतंत्र असावा. ताज्या हवेची सोय मात्र वेगळी करावी. पंखा हवा फक्त फिरवतो, बदलत नाही.

२) थर्मोस्टॅटने फक्त थंड पाण्याचा मोटराइज्ड व्हॉल्व्ह उघडावा व मिटवावा. वीज नसताना बंद राहणारा व्हॉल्व्ह निवडावा.

३) व्हॉल्व्ह मिटल्यावरही पंखा चालू राहिल्याने वेटोळ्यावरचे पाणी पुन्हा हवेत मिसळते. कार्यालयात हा दोष ठरतो. आपल्याला ८५ ते ९० टक्के आर्द्रता हवी असल्याने येथे त्याचा फायदाच होतो.

४) खोली फार कोरडी होत असेल तर पंख्याचा वेग वाढवू नये. पाण्याचे तापमान थोडे वाढवून पाहावे. फार थंड वेटोळे हवेतील ओलावा ओढून घेते.

तापीय पद्धतीचा व्हॉल्व्ह उघडण्यास काही मिनिटे लागतात. तेवढ्यात बिघाड समजून जोडणी बदलू नये. थर्मोस्टॅटवर थंड-गरम असा खटका असेल तर तो थंडवरच असल्याची खात्री करावी. तो उलटा राहिला तर खोली तापल्यावर व्हॉल्व्ह मिटेल.

दोन पंखे एका स्विचवर नकोत

खोलीत दोन युनिटे असली की वायरमन तीन वेगांच्या तारा समांतर जोडून एकाच स्विचवर घेतो. दिव्यांना हे चालते, तीन वेगांच्या मोटरला चालत नाही. अशा मोटरमध्ये कमी, मध्यम व जास्त वेगाच्या तारा एकाच गुंडाळीतून निघतात. एका तारेला वीज दिली तरी उरलेल्या दोन तारांवर दाब निर्माण होतो. समांतर जोडणीत तो एका मोटरमधून दुसरीत शिरतो. पंखे चुकीच्या वेगाने चालतात, मोटरी तापतात आणि शेवटी जळतात.

यासाठी प्रत्येक युनिटला स्वतंत्र रिले द्यावेत. स्विचने फक्त रिले चालवावेत आणि प्रत्येक रिलेने आपल्याच मोटरला वीज द्यावी. न वापरलेल्या वेगाच्या तारांची टोके एकत्र पिळू नयेत, प्रत्येक टोक वेगळे झाकावे. तारांचे रंग कंपनीनुसार बदलतात, म्हणून युनिटच्या झाकणावरील आकृती पाहूनच जोडणी करावी.

पंप आणि चिलरचा क्रम

चालू करताना आधी व्हॉल्व्ह, मग पंप आणि शेवटी चिलर हा क्रम ठेवावा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्याची खूण देणारा खटका त्यातच बसवलेला मिळतो. कोणत्याही एका खोलीतून ही खूण आली की पंप सुरू व्हावा. पाणी खरोखर वाहते आहे हे फ्लो स्विचने सांगितल्याशिवाय चिलर सुरू होऊ नये. पाणी थांबलेले असताना चिलर चालला तर आत बर्फ होऊन नळ्या फुटतात. बंद करताना चिलर आधी व पंप काही मिनिटांनी थांबावा.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व उपनगरांचा वीजपुरवठा खंडित झाला आणि अनेक भागांत तो सुरळीत होण्यास काही तास लागले. अशा वेळी वीज परत येताच सर्व मोटरी एकदम सुरू झाल्या तर मुख्य एमसीबी पडतो. थांबलेला कॉम्प्रेसर लगेच सुरू करणेही धोक्याचे असते. म्हणून टायमर बसवून पंप व चिलर टप्प्याटप्प्याने सुरू होतील अशी सोय करावी. कॉम्प्रेसरला किमान ३ ते ५ मिनिटांचा अवकाश द्यावा.

ओल्या खोलीत जिवाची काळजी

अळिंबीच्या खोलीत जमीन ओली, हात ओले आणि पाय बहुधा अनवाणी असतात. तेथे बसलेला झटका साध्या खोलीतल्या झटक्यासारखा नसतो. पुढील बाबींत काटकसर करू नये :

• सर्व जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी. वाढीव भारासाठी आपल्या वीज कंपनीची मंजुरी आधी घ्यावी.

• खोलीच्या पुरवठ्यावर ३० मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी बसवावा व महिन्यातून एकदा त्याचे चाचणी बटण दाबून पाहावे. एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे रक्षण आरसीसीबी करतो.

• प्रत्येक युनिटला वेगळा ६ अॅम्पियरचा एमसीबी व जवळच बंद करण्याचा स्विच द्यावा. लहान युनिटला १.५ चौ. मि.मी. तांब्याची तार पुरते.

• युनिटचा पत्रा, पंप व चिलर यांना अर्थिंग करावे. न्यूट्रलची तार अर्थिंग म्हणून कधीही वापरू नये.

• २४ व्होल्टच्या नियंत्रणाच्या तारा २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच पाइपातून नेऊ नयेत.

• स्विच व नियंत्रक खोलीबाहेर ठेवावेत. आत फक्त ओलावा सहन करणारा बंदिस्त सेन्सर असावा. तो थंड हवेच्या झोतात किंवा दाराजवळ नसावा. बुरशीच्या वाढीच्या काळात बेडचे तापमान हवेपेक्षा जास्त असते, म्हणून तेव्हा एक सेन्सर बेडमध्ये खोवावा.

• युनिटखालच्या पन्हाळीत फ्लोट स्विच बसवावा. निचरा तुंबला तर त्याने व्हॉल्व्ह मिटवून घंटी वाजवावी.

• तळमजल्यावरील बोर्ड उंच बसवावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला होता. त्या दिवशी उपनगरांत पाणी कोठवर चढले होते, हे शेजारच्या जुन्या माणसांना विचारून मगच बोर्डाची उंची ठरवावी.

• दुरुस्तीपूर्वी पुरवठा बंद करून टेस्टरने खात्री करावी. मोटरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, हेही लक्षात ठेवावे.

बेड भरण्यापूर्वी चाचणी

खोली रिकामी असतानाच दोन दिवस यंत्रणा चालवून पाहावी. थर्मोस्टॅट खाली-वर करावा. व्हॉल्व्ह उघडतो व मिटतो का आणि त्या वेळी पंखा चालूच राहतो का, हे पाहावे. पन्हाळीत बादलीभर पाणी ओतून फ्लोट स्विच तपासावा. मुख्य स्विच बंद करून पुन्हा लावावा व यंत्रे ठरलेल्या क्रमाने सुरू होतात का, हे घड्याळ लावून पाहावे. शेवटी वायरिंगची आकृती कागदावर काढून घ्यावी व ती बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी. वायरमन बदलतो, आकृती राहते.

मुलुंडच्या त्या खोलीत नवीन यंत्र काही घ्यावे लागले नाही. पुरवठा बंद करून ठेकेदाराने थर्मोस्टॅटची तार पंख्यावरून काढून व्हॉल्व्हला दिली आणि पंख्याला स्वतंत्र स्विच बसवला. अर्ध्या दिवसाचे काम झाले. डाग पडलेली अळिंबी वेचून नष्ट केली. तिसरा बहर थोडा आला, पण टोप्या पांढऱ्या व घट्ट होत्या. हेच काम बेड भरण्यापूर्वी झाले असते तर दुसरा बहरही वाचला असता.