मने, पिंप उघडण्याआधी

मने, सोमवारपासून तू आनंदनगर एमआयडीसीत रुजू होणार म्हणून आईने पेढे वाटले. मी मात्र तुझ्या पत्रातल्या एका शब्दावर अडकले: हॅलेक्स, हॅलोजनची अदलाबदल. म्हणजे तुझी गाठ पोटॅशियम फ्लोराइडशी. मी त्याच्यासोबत सात वर्षं काढलीत, तेव्हा जरा बस माझ्याजवळ.

दिसायला अगदी मीठ. रेणूतला क्लोरिन काढून तिथे फ्लोरिन बसवायचा आणि स्वतः पोटॅशियम क्लोराइड होऊन खाली उतरायचं, हे त्याचं काम. पॅराक्लोरोनायट्रोबेन्झिन डीएमएसओ या द्रावकात १८० अंशांच्या आसपास या मिठाबरोबर तापवलं की क्लोरोचं फ्लोरो होतं. औषधांची, कीटकनाशकांची कितीतरी इंटरमीडिएट्स याच वाटेने जातात.

पण ते मनापासून काम करतं ते फक्त कोरडं असताना. फ्लोराइडचा आयन फार लहान, त्याचा सगळा ऋणभार इवल्याशा जागेत दाटलेला. पाण्याचा रेणू भेटला की तो त्याला असा बिलगतो की क्लोरिनकडे वळतच नाही. वर त्या ओलीने नको असलेलं फिनॉल तयार होतं ते वेगळंच. आणि आपला पाऊस तुला मी काय सांगू! बदलापुरात जुलैमध्ये पापडाचा डबा दोन मिनिटं उघडा राहिला तरी पापड वातड होतात. हे मीठ तर त्याहून हावरट. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात ९० ग्रॅमच्या वर विरघळतं, हवेतली ओल ओढून पिंपातच चिकट होतं. मे महिन्यात छान चाललेली बॅच आषाढात रेंगाळली की सगळे कॅटालिस्टला दोष देतात. तू आधी ओलावा बघ. लॅबमध्ये ‘केएफ’ म्हणजे पोटॅशियम फ्लोराइड आणि ‘केएफ’ म्हणजे ओलावा मोजायची कार्ल फिशर चाचणीही. पहिल्या दिवशी कुणी ‘केएफचा केएफ काढ’ म्हणालं तर गोंधळू नकोस. आकडा जास्त आला तर चार्ज करू नकोस, सीनियर कितीही घाई करोत. टोल्युइन घालून पाणी ओढून काढायला चार तास जातील, जाऊ देत.

आता जे आईला कधी सांगितलं नाही, ते ऐक. माझी पहिली नोकरी होती. धुण्याच्या पाण्याचा पीएच खाली आणायला मी हायड्रोक्लोरिक घातलं. त्या पाण्यात फ्लोराइड होतं, आणि आम्ल मिळालं की फ्लोराइडचं हायड्रोफ्लोरिक होतं. हातमोज्याला सुईएवढं भोक. बोट ओलं झालं, दुखलं नाही, मी पुसलं आणि लोकल पकडून घरी आले. रात्री दोनला बोटाच्या आत, थेट हाडात, कुणी कुरतडतंय असं वाटायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, काय सांडलं? मी म्हणाले, मीठ होतं. त्या एका शब्दात माझा अर्धा तास गेला.

सौम्य हायड्रोफ्लोरिक असंच असतं गं. कधीकधी चोवीस तास दुखतच नाही. कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम पकडतं, आणि कॅल्शियम फार घटलं तर हृदयाची लय बिघडते. म्हणून दुखायची वाट बघायची नाही. लगेच भरपूर पाणी, मग अडीच टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहायचं, आणि दवाखान्यात पहिला शब्द उच्चारायचा तो ‘फ्लोराइड’. काचेवरही भरवसा नको. आम्लातला फ्लोराइड काच खातो. ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टर असेल तर विचार, तिथे आम्ल कधी येतं का. नवीन आहेस म्हणून विचारायला लाजू नकोस. मी लाजले होते.

जे कॅल्शियम बोट वाचवतं, तेच ईटीपीत, म्हणजे सांडपाण्याच्या प्रक्रियेत, नदी वाचवतं. सांडपाण्यात चुना घातला की कॅल्शियम फ्लोराइड गाळ होऊन बसतं. लिटरभर पाण्यात ते जेमतेम १६ मिलिग्रॅम विरघळतं. सिन्नरजवळ महोदरीच्या खाणीत मधाच्या रंगाचे सुंदर गोळे मिळतात ना, ते हेच. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची आपल्याकडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. म्हणजे नुसत्या चुन्यावर भागत नाही, पुढची प्रक्रियाही लागते. शिफ्ट संपताना ‘आज चुना राहू दे’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. वालधुनी नदी तुझ्या एमआयडीसीच्या गावातल्या शिवमंदिराला लागून वाहते, १०६० सालच्या त्या दगडांशेजारून ती उल्हासनगरात जाते आणि पुढे कल्याणपाशी उल्हासला मिळते. २०१४ मध्ये कुणीतरी तिच्यात रसायन ओतलं, तेव्हा उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना दवाखाना गाठावा लागला. आपली आत्या तिथेच राहते.

जेलच्या दोन ट्यूब आणल्यात. एक तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलीय, दुसरी लॉकरमध्ये ठेव. मुदत मागच्या बाजूला छापलीय, डायरीत टिपून घे.