यार्देनेपलीकडचे युद्ध आणि परतीचा दिवस

शास्त्रपाठ : गणना ३२:१-३२, यहोशवा २२:१-३४, लूक १४:२८-३२



बंगळूरच्या जयनगर भागात राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबे दर पंधरवड्यास शास्त्राभ्यासासाठी एकत्र जमतो. गणनेचा बत्तिसावा अध्याय वाचत असता आमच्यात मतभेद झाला. परक्या भूमीवर लढावयास पाठविलेले सैन्य परत केव्हा बोलवावे, असा प्रश्न निघाला. एका तरुणाने ऑगस्ट २०२१ मधील काबूलच्या विमानतळाची आठवण दिली. त्यावर सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार म्हणाले, "इतके दूर कशाला जाता? कोननकुंटे येथून किती लांब आहे?"

वडीलधाऱ्यांना त्यांचे म्हणणे लगेच उमगले. जयनगरच्या दक्षिणेस असलेल्या कोननकुंटे येथील एका घरात २० ऑगस्ट १९९१ रोजी शिवरासन आणि त्याचे सहा साथीदार मृतावस्थेत सापडले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे झालेल्या राजीव गांधींच्या हत्येचा तो सूत्रधार होता. राजीव गांधी पुन्हा सत्तेवर आल्यास श्रीलंकेत पुन्हा सैन्य धाडतील, ही भीती त्या कटामागे होती, असे पुढे न्यायालयीन कामकाजात आले. जे युद्ध समुद्रापलीकडे ठेवून आपण परतलो असे वाटत होते, ते आपल्या वस्तीच्या वेशीपर्यंत आले होते. म्हणून हा विषय केवळ इतिहासाचा नाही.

घडले ते असे

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबो येथे करार केला. तमिळ भागास प्रांतिक अधिकार मिळावेत, बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवावीत आणि भारतीय शांतिसेनेने त्यावर देखरेख करावी, असे ठरले. परंतु ऑक्टोबर १९८७ मध्ये तमिळ वाघांशीच युद्ध जुंपले. शांती राखावयास गेलेले सैन्य लढाईतील एक पक्ष बनले. पुढे तेथील भारतीय सैनिकांची संख्या ७०,००० च्या वर गेली आणि अकराशेहून अधिक जवान धारातीर्थी पडले.

त्यांतील एक नाव मराठी वाचकास जवळचे वाटेल. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचा जन्म मुंबईचा, आणि ते आठव्या महार पलटणीत होते. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागली असताही त्यांनी शत्रूची बंदूक हिसकावून त्यास ठार केले आणि अखेरपर्यंत आपल्या माणसांना आज्ञा देत राहिले. त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. त्याच वेळी हेही लपवू नये की, २१ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफना येथील रुग्णालयात भारतीय सैन्याच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या. शौर्य आणि अपराध हे दोन्ही एकाच युद्धाच्या पदरी असू शकतात.

परतीचा वाद

१ जून १९८९ रोजी नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी मागणी केली की, २९ जुलैपूर्वी भारतीय सैन्य माघारी जावे. राजीव गांधींचे उत्तर असे की, करारातील वचने आणि सैन्याची माघार ही दोन्ही बरोबरीने व्हावीत, एकट्याने तारीख ठरवू नये.

आमच्या वर्गातही हेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, ज्याने घरी बोलाविले त्यानेच जा म्हटल्यावर उंबरठ्यावर बसून राहणे अन्याय्य आहे; शिवाय ज्यांच्या रक्षणासाठी गेलो, त्यांच्यापैकीच अनेकांना आपण नकोसे झालो होतो. दुसरा म्हणे, आपल्या शब्दावर विसंबून ज्यांनी निवडणूक लढविली, प्रांताचा कारभार हाती घेतला, त्यांना वाघांच्या तोंडी देऊन निघावे काय? धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ही स्थिती होती.

अखेर डिसेंबर १९८९ मध्ये सत्तेवर आलेल्या विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने माघार पूर्ण केली. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री करुणानिधी मद्रासला तिच्या स्वागतास गेले नाहीत. प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमल यांना देश सोडावा लागला. त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभ यांना १९ जून १९९० रोजी मद्रास शहरातच वाघांनी ठार केले. त्याच जून महिन्यात श्रीलंकेत पुन्हा युद्ध पेटले. ज्या प्रेमदासांच्या सरकारने भारतीय सैन्याविरुद्ध वाघांना शस्त्रे पुरविल्याचे पुढे उघड झाले, ते स्वतः १ मे १९९३ रोजी वाघांच्याच आत्मघाती हल्ल्यात मारले गेले.

शास्त्र काय शिकविते?

रऊबेन आणि गाद यांच्या वंशजांना यार्देनेच्या पूर्वेस कुरणे मिळाली. त्यांचे भाऊ मात्र नदीपलीकडे लढणार होते. मोशेने त्यांस विचारले ते असे की, भावांनी लढावे आणि तुम्ही येथे बसून राहावे काय? तेव्हा त्यांनी लढाईस जाण्याचे वचन दिले. परंतु कधी परतावयाचे, हेही नदी ओलांडण्यापूर्वीच ठरले : प्रत्येक भावास आपले वतन मिळाले म्हणजे परतावे. ही अट याजक आणि वडील यांच्यासमक्ष सांगण्यात आली. पुढे यहोशवाने त्यांस निरोप दिला तेव्हा, तुम्ही भावांना सोडले नाही, अशी त्यांची वाखाणणी केली आणि आशीर्वाद देऊन घरी पाठविले.

हा दाखला जसाच्या तसा लागू करू नये. ते आपल्याच राष्ट्राच्या युद्धास गेले होते. आपण दुसऱ्याच्या घरी गेलो होतो. तरी तीन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट : परतीचा दिवस पंचांगाने ठरत नाही, वचनाने ठरतो. १९८९ मध्ये तारखेवरून वाद झाला, कारण काम पुरे झाले असे केव्हा म्हणावयाचे, हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले नव्हते.

दुसरी गोष्ट : वचन आपल्या शक्तीपुरतेच द्यावे. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू अशा राजाचा दाखला देतो की, जो लढाईपूर्वी बसून आपले बळ मोजतो. तेथे विषय शिष्यत्वाचा आहे. तरी मोजल्यावाचून निघणे हे धैर्य नव्हे, एवढे त्यातून कळते. जे दुसऱ्याच्या हाती आहे, त्याचे वचन आपण देऊ शकत नाही. तमिळ वाघांचे मन आणि कोलंबोची इच्छा या दोन्ही गोष्टी दिल्लीच्या हाती नव्हत्या. म्हणून माझे मत असे की, १९८९ मध्ये परत फिरणे योग्यच होते. केवळ प्रतिष्ठेसाठी आणखी जवान बळी देण्याचा अधिकार कोणास नव्हता. परंतु आपल्यावर विसंबलेल्यांच्या जीविताची तजवीज आधी करणे, हे ऋण मात्र शिल्लक राहिले.

तिसरी गोष्ट : परतलेल्यांशी कसे वागावे? परत जाताना त्या वंशजांनी यार्देनेपाशी वेदी बांधली, तेव्हा गैरसमज होऊन भाऊच त्यांच्यावर चालून जाण्यास सिद्ध झाले. परंतु आधी फिनहास गेला, त्याने विचारले, ऐकून घेतले, आणि रक्तपात टळला. आपल्याकडे परतलेल्या जवानांना किती जणांनी विचारले?

त्या संध्याकाळी सुभेदार शेवटी म्हणाले, "आम्हांस तारीख कोणती, हे महत्त्वाचे नव्हते. कशासाठी आलो आणि काय झाले म्हणजे परत जाऊ, हे सांगणारा कोणी हवा होता." त्यावर कोणीच वाद घातला नाही. मग आमच्यातील सर्वांत लहान मुलाने त्यांस विचारले की, तुम्ही तेथे काय पाहिले? चौतीस वर्षांत असे विचारणारा तोच पहिला, असे ते म्हणाले, आणि अर्धा तास बोलत राहिले.

चर्चेसाठी प्रश्न

१. मोशेने परतीची अट युद्धापूर्वीच का ठरविली?

२. वचन पुरे करणे अशक्य झाले, तर ज्यांना वचन दिले त्यांचे आपण काय देणे लागतो?

३. आपल्या मंडळीत युद्धावरून परतलेला कोणी आहे काय? त्याचे म्हणणे आपण कधी ऐकून घेतले आहे काय?