सॉफ्टवेअरची वर्गणी : परवाना यंत्राचा की माणसाचा?

फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी दिल्लीच्या दक्षिणेस, फरीदाबाद येथे नवे औद्योगिक नगर वसविण्यात आले. 'एनआयटी' हे त्याचे संक्षिप्त नाव आजही रूढ आहे. ट्रॅक्टर आणि मोटारींचे सुटे भाग घडविणाऱ्या येथील लहान कारखान्यांची मालमत्ता एके काळी लेथ, प्रेस आणि साचे यांतच मोजली जाई. आता मोठ्या कंपनीने विश्वासाने सोपविलेली ड्रॉइंग हीसुद्धा तितकीच मोलाची ठेव झाली आहे. ती एखाद्या लॅपटॉपमधून बाहेर गेली, तर पुढची मागणी कायमची हातची जाऊ शकते.

त्यात हिवाळ्यातील धुरक्याची भर पडते. राजधानी परिसरात हवा अतिशय बिघडली की 'ग्रॅप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपाययोजनेचे टप्पे लागू होतात. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी तिचा चौथा टप्पा लागू झाला. त्या वेळच्या नियमांनुसार या टप्प्यात कार्यालयांतील निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू देण्याबाबत राज्य सरकारे निर्णय घेऊ शकत होती. ड्रॉइंग कारखान्यातच राहावीत आणि काम मात्र घरून व्हावे, या दोन्ही गरजा भागविणारी सोय म्हणजे 'व्हर्च्युअल डेस्कटॉप'.

या पद्धतीत संगणकाचे सारे काम दूरच्या सर्व्हरवर चालते. कर्मचाऱ्यासमोरच्या पडद्यावर केवळ त्याचे चित्र उमटते आणि त्याने दाबलेली कळ सर्व्हरपर्यंत पोहोचते. योग्य निर्बंध घातले तर फाइल सर्व्हर सोडून बाहेर जात नाही. तांत्रिकदृष्ट्या ही व्यवस्था आता फारशी अवघड राहिलेली नाही. अडचण उद्भवते ती परवान्यांच्या हिशेबात.

बहुतेक उद्योजकांची समजूत अशी असते की सॉफ्टवेअर सर्व्हरवर एकदाच बसविले, म्हणजे परवानाही एकच पुरेल. ही समजूत महागात पडते. सॉफ्टवेअर विकत घेतले असे आपण म्हणतो, तेव्हाही वस्तुतः ते ठरावीक अटींवर वापरण्याची मुभा तेवढी मिळालेली असते. 'इंजिनिअरिंग ॲनालिसिस' या खटल्यात २ मार्च २०२१ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही हा भेद स्पष्ट केला. वाद प्राप्तिकराचा होता. परंतु वापराचा परवाना मिळाला म्हणून कॉपीराइटमधील हक्क हस्तांतरित होत नाही, हे तत्त्व त्यातून ठळक झाले. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ ब तर याहून कडक आहे. सॉफ्टवेअरची प्रत अवैध आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरल्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद त्यात आहे.

खानावळीचा हिशेब

परवाने मोजण्याच्या तीन रीती खानावळीच्या उदाहरणाने चटकन समजतात. खानावळवाला खुर्च्यांवर पैसे आकारू शकतो, सभासदांवर आकारू शकतो, किंवा एका पंगतीला जास्तीत जास्त किती पाने मांडली त्यावर आकारू शकतो. पहिला परवाना यंत्राचा, दुसरा व्यक्तीचा आणि तिसरा एकाच वेळी काम करणाऱ्यांच्या संख्येचा. तिसरी रीत ग्राहकाला सर्वांत सोयीची वाटते. पण ती सर्वत्र मिळत नाही. सिट्रिक्ससारख्या कंपनीने ती देऊ केलेली आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरवरील रिमोट डेस्कटॉप सेवेला मात्र यंत्रागणिक किंवा व्यक्तीगणिकच परवाने लागतात.

समजा, एका कारखान्यात १२ टेबले आहेत आणि दोन पाळ्यांत मिळून २४ माणसे त्यांवर काम करतात. कोणीही घरून काम करीत नसेल, तर यंत्रांचे १२ परवाने पुरतात. व्यक्तींचे घेतल्यास २४ लागतात. साहजिकच मालक १२ घेतो. पुढे धुरक्याच्या दिवसांत यांपैकी १० जण घरच्या लॅपटॉपवरून काम करू लागले की यंत्रे २२ होतात. सर्वच जण अधूनमधून घरून काम करू लागले, तर यंत्रे ३६ आणि माणसे मात्र २४च! दोन्ही परवान्यांचा दर जवळपास सारखा धरला, तर जो व्यवहार आधी निम्म्या खर्चाचा वाटला होता, तोच आता दीडपट खर्चाचा होतो. म्हणूनच निवड करताना आजची टेबले मोजून भागत नाही. वर्षभरात कोण, कुठून आणि कशावरून काम करणार आहे, हे आधी लिहून काढावे लागते.

एकच व्यक्ति-परवाना सकाळी एका पाळीला आणि संध्याकाळी दुसऱ्या पाळीला देण्याची युक्ती अनेकांना सुचते. मायक्रोसॉफ्टच्या अटींत ती बसत नाही. कर्मचारी नोकरी सोडून गेला तर त्याचा परवाना लगेच दुसऱ्याला देता येतो. एरवी एका बदलानंतर ९० दिवस थांबावे लागते. एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने चौघांनी काम करणे हेसुद्धा अटींचे उल्लंघनच होय. (पासवर्ड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटविण्याची सवय तर सुरक्षेच्या दृष्टीने त्याहून घातक!)

शिवाय परवाना एकाच मजल्याचा नसतो. आभासी डेस्कटॉप चालविणाऱ्या प्रणालीचा परवाना वेगळा, तिच्यातील विंडोजचा वेगळा, सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा वेगळा आणि ड्रॉइंगच्या किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा वेगळा. नव्या संगणकाबरोबर आलेली विंडोज त्या संगणकापुरतीच असते. तिच्या आधारे सर्व्हरवर आभासी विंडोज चालविता येत नाही. वर्ड-एक्सेलचेही तसेच. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या 'बिझनेस स्टँडर्ड' या वर्गणीत सामायिक सर्व्हरवर ते चालविण्याची मुभा नाही, 'बिझनेस प्रीमियम'मध्ये ती आहे. दरपत्रकातील या एका शब्दाच्या फरकाकडे दुर्लक्ष झाले, तर बसविलेली सारी व्यवस्था पहिल्याच दिवशी अडून बसते.

वर्गणी आणि बँक

कायमस्वरूपी परवाना घ्यावा आणि जुना होईपर्यंत वापरावा, ही पद्धत झपाट्याने मागे पडली आहे. अडोबीने २०१३ मध्ये वर्गणीची वाट धरली. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमस्वरूपी परवान्यांची नवी विक्री थांबविली आणि २०२० पासून सामायिक नेटवर्क परवान्यांच्या जागी नामनिर्देशित व्यक्तींचे परवाने देण्यास सुरुवात केली. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तेथेही हेच घडले.

कर्जप्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. पूर्वी सॉफ्टवेअर ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसे आणि दरवर्षी त्यावर घसारा आकारला जाई. वर्गणी हा मात्र नफा-तोटा पत्रकातील खर्च आहे आणि तो दरवर्षी उभा राहतो. प्रकल्प अहवालात संगणकांसाठी मुदत कर्ज मागितलेले असते. पण दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीच्या वर्गणीची तरतूद खेळत्या भांडवलात केलेली नसते, असे घडू शकते. असा अहवाल उद्योजकाकडे परत पाठवून ती रक्कम भरून घेणे, यात त्याचेच हित आहे.

वर्गणी थकली तर नेमके काय होते? मायक्रोसॉफ्ट ३६५मधील वर्ड-एक्सेल कालांतराने मर्यादित स्वरूपात चालू लागते. जुनी फाइल पाहता येते, छापता येते, पण तिच्यात बदल करता येत नाही. पगारपत्रक तयार करण्याच्या दिवशीच हा अनुभव आला, तर त्याची किंमत वर्गणीपेक्षा कितीतरी अधिक असते.

कार्डावरून आपोआप जाणाऱ्या वर्गणीबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. विक्रेता देशी असो वा परदेशी, रक्कम वळती होण्यापूर्वी किमान २४ तास आधी कार्डधारकास सूचना मिळणे त्यानुसार आवश्यक ठरले. ओटीपीशिवाय रक्कम जाण्याची मर्यादा त्या वेळी ५,००० रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० रुपये करण्यात आली. २४ माणसांची वर्गणी ही मर्यादा सहज ओलांडते आणि मग दर वेळी कोणीतरी ओटीपी द्यावा लागतो. तो ज्या मोबाइलवर येतो, तो नोकरी सोडून गेलेल्या लेखापालाचा नाही ना, हे नूतनीकरणाच्या आठवडाभर आधी पाहून ठेवावे.

मुदतीची निवडही हिशेबाने करावी. भागीदार विक्रेत्यांमार्फत मिळणारी मायक्रोसॉफ्टची वर्गणी महिन्याच्या मुदतीने घेतल्यास वार्षिक मुदतीपेक्षा २० टक्के महाग पडते. वार्षिक करार करून दरमहा पैसे भरायचे ठरविल्यास एप्रिल २०२५ पासून ५ टक्के अधिक द्यावे लागतात. वार्षिक करारात परवाने केव्हाही वाढविता येतात. कमी करण्याची संधी मात्र मुदत सुरू झाल्यापासून किंवा नूतनीकरणापासून पहिल्या ७ दिवसांतच मिळते. हंगामी कामासाठी घेतलेल्या माणसांचे परवाने त्यामुळे मासिक मुदतीनेच घेणे सोयीचे. कायम कर्मचाऱ्यांची यादी मात्र नूतनीकरणाच्या आधीच्या आठवड्यात हजेरीपटाशी ताडून पाहावी आणि जे सोडून गेले, त्यांची नावे त्याच वेळी वगळावीत.