परिच्छेदाची उभी रेघ : विणलेला काठ की टाचलेली लेस?

काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानाने धाराशिव, तुळजापूर, उमरगा भागातील किरकोळ दुकानदारांसाठी दरपत्रक छापून घेतले. खाली टीप होती, 'ज्या अटीशेजारी उभी रेघ आहे, ती अट यंदा बदलली आहे.' उधारीची मुदत आम्ही 45 दिवसांवरून 30 दिवसांवर आणली होती. पहिल्या मुद्रितात रेघ बरोबर तिच्याच शेजारी होती. नंतर पत्त्यात दोन ओळी वाढल्या. मजकूर खाली सरकला, रेघ मात्र जागीच राहिली आणि माल परतीच्या अटीला चिकटली. दुसरे मुद्रित आम्ही पाहिले नाही, ही आमची चूक. दुकानदार म्हणाले, "उधारीशेजारी रेघ कुठे आहे? मुदत जुनीच." तो हंगाम आम्हाला 45 दिवसच थांबावे लागले.

असे का झाले, हे आम्ही नंतर समजून घेतले. व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

साडीचा काठ कापडासोबत विणलेला असतो. कापड जेवढे, काठ तेवढा. कापड कोठेही फाडा, काठ सोबतच जातो. वरून टाचलेल्या लेसचे तसे नाही. छपाईतील रेघही या दोन प्रकारची असते.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. जुन्या उर्दू किताबांत मजकुराभोवती रेघांची चौकट असे, तिला जदवल म्हणत, समासाला हाशिया. ती चौकट पानाची असे, परिच्छेदाची नव्हे. कातिबाने लिहिलेला मजकूर पुढे सरकत नसल्याने अडचण येत नसे. खिळ्यांच्या छपाईत ओळींशेजारी पितळी पट्टी बसवून फर्मा आवळत. ओळी वाढल्या की पट्टी हातानेच हलवावी लागे, त्यामुळे चूक नजरेस येई. पुढे पेजमेकर आले. त्यात परिच्छेदाच्या वर व खाली रेघ देण्याची सोय होती, उभ्या रेघेची नव्हती. ती वेगळी ओढावी लागे. म्हणजे टाचलेली लेस!

आज काठ विणता येतो. वर्डमध्ये परिच्छेदात कर्सर ठेवून 'बॉर्डर्स अँड शेडिंग' उघडावे. रेघेचा रंग व जाडी निवडून नमुन्याच्या चौकटीत फक्त डाव्या बाजूवर क्लिक करावे. 'अप्लाय टू'मध्ये 'पॅराग्राफ' असावे. मग 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन रेघ व अक्षरे यांतील अंतर ठरवावे. ते मुळात 4 पॉइंट असते आणि 31 पर्यंत वाढवता येते. 72 पॉइंट म्हणजे एक इंच. आम्ही 8 ठेवतो. रेघ समासात घुसते, म्हणून परिच्छेद डावीकडून थोडा आत घ्यावा. लागोपाठच्या दोन परिच्छेदांची रेघ व आतले अंतर सारखे असेल तर रेघ सलग येते, नाही तर तुटते. शेवटी हे सर्व एका 'स्टाइल'मध्ये साठवावे. मग जाडी एकदाच बदलली की सर्वत्र बदलते.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला एकाच बाजूची किनार देण्याची सोय ऑक्टोबर 2017 च्या आवृत्तीपासून आली. त्याआधी जाणकार लोक एका खान्याचा तक्ता करून त्याची डावी कड रंगवीत. डोनाल्ड नुथ यांच्या 1978 च्या टेक प्रणालीत तर उभ्या रेघेची उंची सांगितली नाही, तर ती शेजारच्या मजकुराच्या डब्याएवढी आपोआप होते. मात्र असा डबा दोन पानांवर तुटत नाही. लांब मजकुरासाठी लाटेकमधील 'फ्रेम्ड' या जोडसंचाचे 'लेफ्टबार' वापरावे. ती रेघ पुढच्या पानावरही चालते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मराठी मजकुराला रेघ डावीकडे द्यावी, उर्दूला उजवीकडे. जेथून वाचन सुरू होते तेथे. आणि फार बारीक रेघ झेरॉक्समध्ये उडते, म्हणून निदान एक पॉइंट जाडी ठेवावी.

छपाईला देण्यापूर्वी एक परीक्षा करा. मजकुराच्या वर दोन रिकाम्या ओळी वाढवा. रेघ सोबत खाली आली तर काठ विणलेला आहे. जागीच राहिली तर फाइल परत पाठवा. आणि शेवटचे मुद्रित स्वतः पाहा. आम्हाला 15 दिवसांची उधारी देऊन हे शिकावे लागले.